अगास्टचा चेहरा

चेहरेमास्तर हे काही त्याचं जन्मनाव नव्हे. शाळांच्या भिंतींवर इंग्रजी शब्दांचे तक्ते लागतात ना, ते तो काढायचा. हॅपी, सॅड, अँग्री, प्रत्येक शब्दावर एक तोंड. समोर आरसा ठेवून आपणच वेडीवाकडी तोंडं करायची आणि ती कागदावर उतरवायची, हा त्याचा धंदा. असल्या माणसाला लोक दुसरं काय नाव ठेवणार?

मोठ्या मुलांच्या तक्त्यात 'अगास्ट' हा शब्द आला आणि गाडं अडलं. मास्तराने डोळे विस्फारले, आ वासला. प्रकाशनातल्या बाईंनी चित्र परत केलं.

"अहो मास्तर, हा सरप्राइज्ड झाला. लॉटरी लागली म्हणून कुणी अगास्ट होत नाही. डोळ्यांसमोर काहीतरी भयंकर घडतंय, माणूस जागीच थिजलाय, घशातून आवाज फुटत नाहीये. तसा चेहरा हवा."

दुसरं चित्रही परत आलं. खरं तर तो चेहरा मास्तराला पाठ होता, आणि म्हणूनच तो आरशात दुसरा शोधत बसला होता.

पूर्वी तो गॅलरीकडे पाठ करून कामाला बसत असे. एका सकाळी बायको धुतलेले कपडे घेऊन आतून आली आणि दारातच थबकली. तिची नजर त्याच्या मागे. तोंड उघडं, गळ्याची शीर ताठ, आणि आवाज नाही. हिला झालं काय, म्हणून तो बघतच राहिला. वळला तेव्हा कठड्यापाशी पालथी बादली होती आणि त्यांची मुलगी नव्हती.

त्याने वेळीच वळून हात लांबवला असता तर फ्रॉक हाताला लागला असता. संध्याकाळी दवाखान्यातून दोघंच परतल्यावर त्याने बायकोला एवढंच विचारलं, "ओरडली का नाहीस?" तिने उत्तर दिलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. वर्षं गेली. दोघं जेवत, बाजारहाट करत, पाहुण्यांशी हसून बोलत. पण तो प्रश्न घरात मुक्कामालाच आला होता. ती नुसती दारात उभी राहिली तरी मास्तराच्या अंगावर काटा यायचा.

शेवटी त्याने आरसा बाजूला सारला आणि चित्र काढलं. एका बैठकीत. खोडरबर लागलंच नाही. खाली बाईंनी दिलेला अर्थ लिहिला: 'इतका हादरलेला, की आवाज फुटत नाही.' मग त्या डोळ्यांकडे त्याला बघवेना. कागद उलटा ठेवून तो हात धुवायला गेला. परत आला तर बायको टेबलापाशी उभी, कागद तिच्या हातात.

"ही मी," ती म्हणाली.

आता ही कागद फाडणार, असं त्याला वाटलं. ती मात्र खालचा अर्थ वाचत होती. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं. गळ्याची शीरसुद्धा दिसली होती. माझा आवाज फुटत नव्हता, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

तिने कागद टेबलावर सुलटा ठेवला.

"मग मला विचारलंत कशाला? मी अजून उत्तर शोधतेय हो."