घंटी अकोल्यात, सायकल अमरावतीत

धर्मपाल तायडे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन शब्द बोलायला उभं केलं, तर तो म्हणाला, "मी आता सेमाडोहले जाईन," आणि खाली बसला. लोकांना वाटलं, पुढे आणखी काही असेल. पुढे काही नव्हतं.

अख्खी नोकरी त्याची अमरावती-अकोला आणि अकोला-अमरावती यातच गेली होती. जाताना बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि येताना तेच उलटं. डेपोतले बाकीचे ड्रायव्हर मेळघाटात गाड्या न्यायचे आणि कँटीनमध्ये बसून अस्वलाच्या गोष्टी सांगायचे. धर्मपालकडे सांगण्यासारखा फक्त लोणीजवळ उलटलेला एक कांद्याचा ट्रक होता, आणि तोही त्याच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्यानं पाहिलेला. ही गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती.

मेळघाटातल्या सेमाडोहला बसनं जायचं नाही, हेही ठरलेलं. दुसरा कुणी गाडी चालवत असला की मागे बसलेल्या धर्मपालचा पाय आपोआप ब्रेक मारायचा आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला लाथ बसायची. म्हणून मग सायकल.

सायकल त्यानं कॅम्पातल्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. जुनी होती, पण अस्सल लांबच्या प्रवासाची. वाकलेलं हँडल, ढीगभर गियर, सामान बांधायला मागे भक्कम कॅरियर आणि हँडलवर जाडजूड पितळी घंटी.

"कन्याकुमारीला जायला घेतली होती," डॉक्टर म्हणाले.

"गेली का मंग?"

"गेली असती," डॉक्टर म्हणाले.

इतकी वर्षं सायकलनं बाल्कनीत टॉवेल वाळवले होते हे तिला लटकलेल्या चिमट्यांवरून कुणालाही कळलं असतं. पण डॉक्टरांनी सीटवरून असा काही हात फिरवला की धर्मपालला घासाघीस करायची लाज वाटली. त्यानं सायकल चिमट्यांसकट घेतली आणि नवी नवरी आणावी तशी हातानं चालवत घरी आणली.

घोळ दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. कॅरियरला भाकरी बांधून, डोक्यावर हेल्मेट चढवून धर्मपाल सायकलवर बसला, एक पाय पेडलवर ठेवला आणि बसूनच राहिला. फाटकात उभी असलेली ज्योत्स्ना, म्हणजे त्याची बायको, हात हलवून हलवून दमली.

"अवो, निंगा ना."

"निंगतो."

"मंग काहून थांबले?"

"डबल बेल नाई झाली."

एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली की थांबायचं आणि दोनदा वाजवली की सोडायचं. ही डबल बेल झाल्याशिवाय धर्मपालनं आयुष्यात गाडी हलवली नव्हती. प्रवासी ओरडोत, मागचा ट्रकवाला शिव्या घालो, धर्मपाल आपला समोर बघत ढिम्म. डेपोत त्याचं या गोष्टीसाठी फार नाव होतं. आता तोच पाय पेडलवर मेल्यासारखा पडला होता.

"हँडलवर घंटी हाये ना, वाजवा की!" ज्योत्स्ना म्हणाली.

धर्मपालला हे फार लागलं. "ड्रायवर सोताच बेल देईन? काही कायदा हाये का नाई?"

ज्योत्स्नानं आतून ताट आणि उलथनं आणून दोनदा वाजवलं. लेकीनं, खुशीनं, मोबाइलवर घंटीचा आवाज लावला. पाय उचलेना. शेवटी ज्योत्स्नानं पदर खोचला आणि मागून दणकन धक्का दिला. सायकल गेली, ती थेट पुढच्या एसटी थांब्यापर्यंत. तिथे धर्मपाल शिस्तीत थांबला आणि दुपारपर्यंत उभा राहिला. एका म्हातारीनं विचारलं, "कधी सुटते बाप्पा?" तर म्हणाला, "कंडक्टर यायचा हाये." म्हातारी बिचारी त्याच्यासोबत थांबली.

असं बरेच दिवस चाललं. गल्लीतले लोक सकाळी चहाचे कप घेऊन गॅलरीत उभे राहू लागले, तेव्हा ज्योत्स्ना म्हणाली, "विकून टाका थे धूड." खुशीनं फोटो काढून इंटरनेटवर टाकला. गिऱ्हाइकं आली. एकाला दुधाच्या कॅन बांधायच्या होत्या. दुसरा म्हणाला, "काका, तुमी चालवून दाखवा." धर्मपाल बसला आणि बसूनच राहिला. गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं, वाकून चेन बघून गेलं, आणि जाताना खुशीला हळूच म्हणालं, "बिघाड मोठा दिसते."

मग अकोल्याहून शफीकभाई आला. धर्मपालच्या गाडीवर सगळ्यात जास्त वर्षं कंडक्टर होता तो हाच. त्याच्या आधी निवृत्त झालेला. गुडघे आखडले म्हणून डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला सांगितलं होतं, आणि अजहरनं, म्हणजे त्याच्या मुलानं, मोबाइलवर नेमका हाच फोटो दाखवला होता. आला तेव्हा तो वाळला होता. बोलणंही कमी झालेलं. पूर्वी एका दमात अख्ख्या गाडीला पुढे सरकवणारा माणूस, आता ज्योत्स्नानं चहा दिला तर नुसती मान हलवली.

"चालवून पाहा ना शफीकभाई."

शफीकभाई उठला, सायकलला फेरी मारली आणि सरळ मागच्या कॅरियरवर जाऊन बसला.

"तिकडे नाई, इकडे."

"उस्ताद, म्या हँडल कधी धरलं बे आयुष्यात?"

हे खरंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या डॉक्टरच्याही नाही, खुद्द शफीकभाईच्याही नाही. इतका लांब एसटीचा प्रवास करून आल्यावर आता कबूल करायचं म्हणून तो जरा खजील झाला होता. त्याला पकडायचं कसं असतं ते दाखवायला धर्मपाल पुढे बसला. शफीकभाईनं मागून त्याच्या काखेखालून हात घातला आणि, काही ठरवून नव्हे, हात तिथे पोचला म्हणून, घंटी वाजवली.

टण टण.

धर्मपालचे दोन्ही पाय उचलले गेले. सायकल फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाला वळली, गॅलरीतले चहाचे कप जागच्या जागी राहिले. बडनेरा रोडला लागल्यावर शफीकभाईचा आवाज फुटला. "चला, आतमंदी सरका! मधात थांबू नका!" मागे कॅरियरवर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते आणि हे दोन म्हातारे हसत सुटले होते. एका वडाखाली शफीकभाईनं एक घंटी दिली. सायकल थांबली.

"मले सायकल नाई पायजे," शफीकभाई म्हणाला. "मले घंटी दे."

"नुसती घंटी?"

"बेल कंडक्टरपाशीच राह्यते ना? अन् ह्या गाडीले हीच घंटी चालन, दुसरी नाई."

बोलणं अगदी बरोबर होतं. व्यवहार तिथेच झाला. शफीकभाईनं घंटी रुमालात बांधून घेतली, रीतसर सुटे पैसे मोजून दिले आणि तो संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत गेला. ज्योत्स्नानं डोक्याला हात लावला. विकायला सायकल काढली होती, विकली गेली घंटी, आणि धूड होतं तिथेच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी धर्मपाल सायकलवर बसून फोन लावायचा. तिकडून "जाऊ द्याऽ!" आणि टण टण. सायकल सुटायची. वलगावला थांबला की पुन्हा फोन, पुन्हा टण टण. नसीमबानोनं, शफीकभाईच्या बायकोनं, ज्योत्स्नाला फोनवर सांगितलं, "भाभी, पयले हे दुपारपर्यंत पडून राहायचे, भिंतीकडं तोंड करून. आता पहाटेच उठतात. इस्त्रीचा खाकी शर्ट घालतात, घंटी घेऊन खिडकीत बसतात. मी हात लावला घंटीले तर ओरडतात." सांगता सांगता ती रडली. त्यानंतर ज्योत्स्ना सायकल विकायचं पुन्हा कधी बोलली नाही.

आणि मग सेमाडोहचं ठरलं. दोघांनी फोनवर वेळापत्रक बसवलं. परतवाड्याला साडूकडे मुक्काम, सकाळी घाट, घाटमाथ्यावर घटांगला चहा, सेमाडोहला जेवण, परत. शफीकभाईनं कुठे पाणी प्यायचं तेही सांगितलं होतं, मेळघाट त्यानंही पाहिलेला नसताना. परतवाड्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. घाटात धर्मपालची पार दमछाक झाली, तरी घटांगला तो पोचला. चहा पिऊन फोन लावला, टण टण झालं, आणि पुढचा उतार सागाच्या जंगलातून त्यानं एकदाही न थांबता काढला. सेमाडोहची पाटी दिसली तेव्हा त्याला चक्क हुंदका आला. चहाच्या टपरीपुढे तो थांबला. टपरीवाल्या पार्बताबाईला म्हणाला, "मी आलो." ती म्हणाली, "बसा."

पोट भरून जेवला, नदीकडे बघितलं, तृप्त झाला, सायकलवर बसला आणि फोन लावला. फोन लागेना.

"इथं कोनाचाच नाई लागत," पार्बताबाई म्हणाली. "रेंज घटांगले."

इतकं वेळापत्रक बसवणाऱ्या दोन जाणत्या एसटीवाल्यांना हे सुचलं नव्हतं. धर्मपाल एक पाय पेडलवर ठेवून उभा राहिला. उन्हं कलली. पार्बताबाईनं भांडी घासली, टपरी आवरली. "जाचं असन तर आत्ताच जा. अंधार पडला का जंगलवाले सायकल सोडत नाईत रस्त्यानं. अन् अस्वलं हिंडतेत." धर्मपालनं मान हलवली. पाय हलला नाही. ज्या अस्वलासाठी इतकी वर्षं झुरला, ते आता आलं तरी त्याला तिथेच उभं राहावं लागणार होतं.

अस्वल आलं नाही. वानर आलं. झाडावरून उतरलं, शांतपणे कॅरियरवरचं भाकरीचं गाठोडं सोडलं आणि रस्त्यानं पळत सुटलं. ज्योत्स्नानं आदल्या दिवशी पहाटे उठून परतीसाठी बांधून दिलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा होता त्यात. "अबे!" असं ओरडत धर्मपाल त्याच्या मागे लागला. वानर पुलाच्या कठड्यावर चढलं, तिथून जांभळीवर, आणि वरून गाठोडं सोडून ठेचा चाखायला लागलं. धर्मपाल पुलाच्या मधोमध आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण सायकल चालवतोय.

घंटी झाली नव्हती.

तो उतरला. मागे-पुढे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही. पुन्हा बसला. पाय उचलला. गेली सायकल. थांबला, पुन्हा बसला, पुन्हा गेली. आता तो कुठेही जाऊ शकत होता, धारणीला, खंडव्याला, त्या डॉक्टरच्या कन्याकुमारीला. आनंद व्हायला हवा होता. पण त्याला अकोल्यात खिडकीत बसलेला खाकी शर्ट दिसला.

घटांगच्या चढावर त्यानं सायकल बरीचशी ढकलतच नेली. वर पोचतो न पोचतो तोच खिशातला फोन खणाणला.

"उस्ताद! दुपारपासून लावून राह्यलो! थे बाई म्हणून राह्यली, क्षेत्राच्या भायेर, क्षेत्राच्या भायेर. कुठी हायेस?"

"सेमाडोहले," धर्मपाल म्हणाला. "तुमचीच वाट पाहून राह्यलो. बेलशिवाय कसा निंगू?"



"मंग आता कसा लागला फोन?"

"टावर बसवला इथं."

"आत्ताच?"

"हाव. आत्ताच."

 शफीकभाईनं उभ्या हयातीत विनातिकीट माणूस नुसत्या आवाजावरून ओळखला होता. धर्मपाल घटांगच्या वळणावर फोन कानाशी धरून उभा राहिला, एक पाय पेडलवर, आणि कधी नव्हे इतक्या आशेनं वाट बघू लागला.

शेवटी तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"जाऊ द्याऽ," शफीकभाई म्हणाला, आणि त्यानं डबल बेल दिली.