मामांची वरची मूठ

बायकोच्या मामांनी मला फसवलं. कोरोनाच्या काळात, दर शनिवारी, नाकावर मास्क चढवून, समोरासमोर फसवलं. भाड्याच्या दोन मागांवर सुरुवात करून अक्कलकोट रोडला स्वतःचा टॉवेलचा कारखाना उभा केलेला माणूस आहे मी. सुताचे दलाल मला बघून रस्ता बदलतात. त्या मला एका किराणा दुकानदारानं मूठभर शेंगदाण्यांसाठी झुलवलं.

मूठभर म्हणून हसू नका. मामांच्या दुकानात गेलो की भावावरून आम्ही गल्ली जागी करायचो. "जावईबापू, दुकानच घिऊन जावा की!" असं ते ओरडायचे. फारच चिडले की कन्नडमध्ये शिरायचे आणि "बेड, बेड" करत माझ्या प्रत्येक भावाला नको म्हणायचे. पण माप झालं की पोत्यात हात घालून शेंगदाण्यांची एक मूठ माझ्या पिशवीत वरून टाकायचे. पंजा फावड्याएवढा. त्या मुठीसाठी मी अर्धा अर्धा तास घसा फोडलाय. ती मिळाली की जिंकल्यासारखं घरी यायचो.

मग कोरोना आला. सरकारनं एक नियम काढला की मामांच्या दुकानात त्याला चार पिल्लं व्हायची. त्यांचा सगळा राग घरच्या पिशव्यांवर. दारात दोरी बांधली, बाहेर तार ताणली आणि प्रत्येक पिशवी उलटी करून अर्धा तास उन्हात टांगायची, असं ठरवून टाकलं. आकडीच्या काठीनं ती वर चढवायची आणि चौकशी करायची. "कुटनं आली ही? कुनाकुनाचा हात लागलाय?" एकजण म्हणाला, "मामा, रिकामी आहे हो." तर म्हणाले, "रिकामी कशी? हवा हाय की हिच्यात. कुटली हवा हाय ती?" लग्नात वाटलेल्या पिशवीला तर थेट तासभर ऊन, कारण "वऱ्हाड लई मोठं असतंय." एका बाईंनी वैतागून पदर पसरला. मामांनी शांतपणे सांगितलं, "पदर बी पिशवीच. ताई, उन्हात हुबं ऱ्हावा."

माझी पिशवी माझ्या मागावरच्या पहिल्या चादरीची, बायकोनं शिवलेली. तीही तारेवर लटकली. ऊन खाऊन झाल्यावर मी ती दोरीच्या अलीकडे धरायची आणि मामांनी पलीकडून पत्र्याच्या पन्हळीतून माल सोडायचा. शेंगदाणे खडखडत आले. किलोला किलो. एक दाणा वर नाही.

"मामा, वरची मूठ?"

"हाताला बंदी हाय."

"मग मापानं घाला."

मामांनी मास्क हनुवटीपर्यंत उतरवायला घेतला, नियम आठवून परत चढवला. "मापानं घातलं तर ते वरचं कसं हुईल, जावईबापू?"

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता पैसे मोजले. तेच मला अजून झोंबतंय. म्हटलं, ठीक आहे, साथ संपू दे, साचलेलं एकदम घेईन.

साथ संपली. दोरी गेली, तार गेली. पण पोतीही गेली. आता मामांचा मुलगा दुकान बघतो. सगळा माल बंद पाकिटांत, भाव छापलेला. भांडायचं कुणाशी? मामा दारात खुर्ची टाकून बसतात. परवा मला बघून काठीनं पिशवी उचलली. "झटकली का?"

"झटकली. माझी मूठ द्या."

त्यांनी आत पाहिलं. फळीभर पाकिटं. मग तो फावड्याएवढा पंजा हवेतच खुपसला, मूठ भरली आणि माझ्या पिशवीत वरून सोडली.

"घ्या. ह्या बारीला जरा जास्तच घातलंय."

पिशवी घट्ट धरून मी घरी आलो. पण हा काही निकाल नव्हे. माझी मूठ कुणी बुडवली, साथीनं, पाकिटांनी की मामांनी, याचा जाब मला पाहिजे. आणि तो मामांनीच द्यायचा. येत्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी, मी जाईन तितक्या वेळा, त्याच खुर्चीत बसून.