साडूंच्या गाडीचं ॲव्हरेज

पेट्रोलच्या थेंबाला माझ्या मोठ्या साडूंइतका मान साऱ्या ठाणे जिल्ह्यात कोणी दिला नसेल. त्यांची सोळा वर्षांची गाडी मानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत सर्वांत जुनी. पण तिचं ॲव्हरेज ते हुशार मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगत. पंपावर टाकी भरली की खाली उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवत आणि आतली हवा निघाली की आणखी पेट्रोल भरायला लावत. टाकी खरी भरली नाही तर आकडा खोटा येतो, हे ते मागच्या रांगेलाही समजावत. रांग काय म्हणे, ते लिहिण्याजोगं नाही. एकदा कोकणातून येताना ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, घेतलेला फणस त्यांनी वजन नको म्हणून वाटेतच फोडून आम्हा चौघांना खायला लावला. साल सोडली तर वजन गाडीतच आहे, हे मी दाखवून दिल्यावर ते दहा किलोमीटर गप्प होते.

गेल्या मे महिन्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने गाडी विकायचा विषय काढला. साडूंनीच शर्त घातली : रत्नागिरीपर्यंत लिटरला अठराच्या खाली आली, तर विकीन. मोजायला मी.

"काका, सोळाचे अठरा करू नका हां," मुलगा मला म्हणाला.

माझ्या बायकोला वजनापायी घरीच ठेवलं. पनवेलला टाकी भरली. ताशी साठ, एसी बंद. ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जात होते. महाडजवळ मागे बसलेल्या ताई लालबुंद झाल्या. पदराने वारा घेत होत्या. साडूंनी आरशात पाहिलं आणि एसी लावला. तो रत्नागिरीलाच बंद झाला.

तिथे पंपावर त्यांनी गाडी हलवण्यात जराही कसूर केली नाही. दोनशे चौऱ्याण्णव किलोमीटर, सोळा पूर्णांक आठ लिटर. साडेसतरा. मी भागाकार तीनदा केला. ताई पाणी आणायला गेल्या होत्या. निम्म्याहून जास्त रस्ता एसी चालू होता अशी टीप लिहितो, म्हणजे मुलगा ऐकेल, असं मी म्हणालो.

"नको," साडू म्हणाले. "तिला वाटेल, तिच्यामुळे गाडी गेली. नुसते साडेसतरा लिहा."

मी लिहिले. आकडा खरा होता. तरी इतका अपुरा आकडा मी दुसरा लिहिलेला नाही.

गाडी जूनमध्ये गेली. आता साडू मुलाच्या गाडीत मागे बसतात आणि किती देते, हे विचारत नाहीत. ताई मात्र अजून त्यांची समजूत घालतात, "जुनी झाली होती हो ती. कुठवर ओढणार?"

साडू मान डोलावतात. मी खिडकीबाहेर बघतो.