बिनधुराची चूल

चुवातूनच्या डोंगरावर कुणाच्या घरी काय शिजतंय हे जाणून घ्यायचं असेल, तर ओदिलिया तुयुकला विचारावं. ती दारात आली की आधी तिचं नाक आत शिरायचं, मग डोळे, आणि मग उरलेली ओदिलिया. "घेवडा करपला का गं?" हा तिचा रामराम. बायका वैतागायच्या, पण तिला दारातून कुणी घालवत नसे. दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसणं हा तिचा धंदाच होता. ती चुली विकायची.

ग्वातेमाला शहरातून अधूनमधून येणाऱ्या मंडळींनी या धंद्याला 'सामाजिक उद्योजकता' असं भारदस्त नाव दिलं होतं. एकदा तर तिला खुर्चीवर बसवून गुच्छही दिला. ओदिलियाने तो घरी आणून शेळीला घातला. या सगळ्याच्या मुळाशी होता तो तिच्या आईचा खोकला, आणि खोकल्याला गुच्छाचा काय उपयोग?

आई, म्हणजे लेंचा, जन्मभर तीन दगडांच्या चुलीपुढे गुडघे टेकून बसलेली. खोलीला खिडकी नाही, डोळे कायम लाल, आणि खोकला असा की शेजारची कोंबडी दचकून उठावी. ओदिलिया लहान असताना कुठल्याशा धर्मादाय संस्थेने अख्ख्या डोंगराला पत्र्याच्या चुली फुकट वाटल्या होत्या. देणारे फोटो काढून गेले, पत्रा तडकला, दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या चुलींत कोंबड्या अंडी घालू लागल्या. ओदिलियाने तेव्हाच कानाला खडा लावला. फुकटचं कुणी जपत नाही, आणि फुकट देणाऱ्याला कुणी जाबही विचारू शकत नाही. म्हणून मोठी झाल्यावर तिने गावातल्या चार-सहा विधवा बायकांना गोळा केलं, सगळ्याजणी विटा रचायला शिकल्या, आणि हप्त्यांवर चुली विकू लागल्या. कंबरेइतकी उंच, वर लोखंडी तवा, मागे धूर नेणारं नळकांडं. बिघडली तर हक्काने बोलवा, आम्ही येतो. विक्रीतून उरेल त्यातून पुढची चूल. पहिली तिने आईला बांधून दिली.

अट एकच होती. नवी चूल हवी तर जुन्या चुलीचे तिन्ही दगड ओदिलियाच्या हवाली करायचे. "दोन चुली म्हणजे जुनीच चूल," असं ती म्हणायची. ते काळेकुट्ट दगड या बायकांच्या छोट्या चूल-कारखान्यामागे रचून ठेवले होते. पाहुण्यांना ती तो ढीग दाखवायची आणि सांगायची, "हा बघा आमचा नफा."

आता, मुलगी जन्मली की तिची नाळ चुलीपाशी पुरायची, म्हणजे पोर घराला धरून राहते, हे ओदिलियाला कुणी शिकवायला नको होतं. तिची स्वतःची नाळ तशीच पुरलेली. पण तिने मनाशी पक्कं केलं होतं की नाळ असते मातीत, आणि माती काही आपण नेत नाही. नेतो ते दगड.

एका सकाळी ती दोन्या एर्लिंदाकडे, म्हणजे एर्लिंदाबाईंकडे, नळकांड्यातली काजळी काढायला गेली. नळकांड्यात हात घातला, तर हात स्वच्छ बाहेर आला. मग तिने तव्याकडे पाहिलं. तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, चिकटू नये म्हणून तव्याला चुना लावतात. तो चुना पहिल्या दिवशी लावलेला, तस्सा पांढराशुभ्र. बाजूच्या टोपलीत फडक्याखाली मात्र तोर्तियांची वाफाळती चळत.

"दोन्या एर्लिंदा, तोर्तिया कुठे भाजल्यात?"

"चुलीवर."

"कुठल्या?"

"अगं बाई, तुझ्याच! आणखी कुठल्या असणार?"

ओदिलियाने तव्यावर तळहात ठेवला. तवा गार होता.

दुसरी कुणी असती तर रागावली असती. ओदिलियाचं नाक मात्र जागं झालं. ती मागच्या दाराने मक्यात शिरली, एर्लिंदा "अगं, तिकडे कुत्रं आहे!" म्हणून ओरडत मागे. कुत्रं कुठेच नव्हतं. होती ती वाफेच्या न्हाणीची बुटकी खोपी, आणि तिच्या फटींतून धूर येत होता. न्हाणीचा दिवस नव्हता. ओदिलिया वाकून आत डोकावली. तीन दगड, धगधगता विस्तव, आणि त्यापुढे एर्लिंदाची सून रोसेंदा, भरल्या दिवसांची, डोळे पुसत तोर्तिया थापत होती. ती सासूकडे पाहून म्हणाली, "सांगितलं होतं ना, हिला कळणार म्हणून," आणि खोकू लागली.

"पण दगड तर मी नेले!" ओदिलिया म्हणाली.

"नेलेस ना," एर्लिंदा म्हणाली. पकडली गेल्यावर बाईने लाजणंच सोडून दिलं. "ओढ्यातले होते. चरबी नि काजळी फासून दिले तुला. रोसेंदाने फासली, हात चांगला आहे तिचा."

"आणि हे इथे हलवलेत? तुमच्या नाळा तर घरात पुरल्यात, मातीत!"

"माती कुठलीही चालते, पोरी. दगड तेच लागतात. माझ्या आजीपासूनच्या सगळ्या बायका यांनीच शेकल्यात. हिला मुलगी झाली तर तिची नाळ काय तुझ्या सिमेंटला चिकटवू?"

"मग चूल घेतलीत कशाला?"

"तू एवढ्या उन्हात डोंगर चढून आलीस, तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि दिसते छान. पाहुणे आले की कॉफीची किटली मांडते मी तिच्यावर." मग तिने आवाज खाली आणला. "आणि मी एकटीच नाही हो."

हे म्हटल्यावर तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

ओदिलिया धावतच कारखान्यामागे आली आणि ढिगातला पहिला दगड घासायच्या ब्रशने घासू लागली. काजळी गेली. आत ओढ्यातला गुळगुळीत करडा दगड. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. चुलीतला दगड जाळाने तडकलेला असतो, आतपर्यंत लाल झालेला. तसा एकही निघेना. तिच्यासोबत विटा रचणारी ग्रेगोरिया हात पुसत बाहेर आली, ढीग पाहिला, ब्रश पाहिला आणि पटकन म्हणाली, "तो कोपऱ्यातला नको घासूस. माझा आहे."

ओदिलियाच्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी पडलं होतं, आणि ते पाणी सगळ्या गावाने मिळून, अगदी आदराने ओतलं होतं. तिला संताप आला, लाज वाटली, आणि तरीही मनात एक किडा वळवळत राहिला: एवढ्या बायकांनी खरे दगड लपवले तरी कुठे? खुराड्यात? खाटेखाली? ती एकेक घर डोळ्यांपुढे आणू लागली, आणि आणता आणता पहिल्या घरापाशी आली. तिथे ती थांबली. आईचा खोकला अजून गेला नव्हता. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, वय झालं. ओदिलियानेही ते मान्य केलं होतं. जगाच्या नळकांड्यांत हात घालणारीने आईच्या नळकांड्यात कधी हात घातला नव्हता.

लेंचा घराच्या मागे, मक्याच्या जुन्या कोठीत सापडली. तीन दगड, त्यावर आतोलचं, मक्याच्या पेजेचं मडकं. मुलीला दारात पाहून तिने मडक्यापुढे हात धरला, जणू तेवढ्याने विस्तव झाकला जाणार होता.

"आई, तूसुद्धा?"

"लेकीला नाही कसं म्हणायचं? एवढ्या हौसेने बांधलीस."

"पण छाती जाळून घेतलीस! तुझ्यासाठी तर केलं मी हे सगळं!"

लेंचाने लाकूड जरा आत सारलं. "तुझी नाळ या दगडांनी शेकलेली आहे. तू पहाटे निघतेस ती लोकांच्या घरोघर. हे गार पडले, तर तू परत येशील कशाला?" ती खोकली, मग म्हणाली, "तू आली नाहीस की मला जेवण जात नाही."

ओदिलियाला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. मातीवर बसून आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती हमसून रडली, आणि लेंचा पिठाच्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत राहिली. रडून झाल्यावर ती दगडांकडे बघत बसली. मग वीतभर अंतर मोजावं तशी बोटं फिरवू लागली.

"हे आतच ठेवले तर? खाली माती मोकळी. यांच्यातच विस्तव पेटवायचा, विटा बाहेरून, धूर वरून नळकांड्यात."

"मला दगड दिसायला हवेत," लेंचा म्हणाली.

"दिसतील. पुढची बाजू उघडी ठेवते."

"आणि इतकी उंच नको. मला बसून करायचं असतं."

"हे तेव्हा का नाही बोललीस?"

"तू कुठे विचारलंस? तू नुसती वास घेतेस." लेंचा जरा हसली. "पण आधी एर्लिंदाकडे जा. तिच्या सुनेचे दिवस भरलेत."

"उद्या सकाळी तिचीच. आज तुझी."

ओदिलियाने घरातून हातोडा आणला, आपण बांधलेल्या पहिल्या चुलीपुढे क्षणभर उभी राहिली, आणि पहिला घाव घातला. लेंचा खोकत खोकत उठली आणि नळकांडं पडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.