मास्तरांची दोन बोटे

विमान चालवायला शिकवण्यात मास्तरांची बावीस वर्षे गेली होती. त्या दोन जणांच्या चिमुकल्या विमानात डावीकडे शिकणारा आणि उजवीकडे मास्तर बसत. दोघांपुढे एकेक दांडी, पण आतून जोडलेली. एक हलली की दुसरी हलणारच. म्हणून नियम कडक होता. दांडी घेताना मास्तरांनी मोठ्याने म्हणायचे, "माझ्याकडे." शिकणाऱ्याने "तुमच्याकडे" म्हणायचे आणि मगच हात सोडायचे.

हा नियम मास्तर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत, आणि मोडतही तेच. उतरताना शिकणारा डगमगला की काही न बोलता ते दोन बोटे दांडीखाली लावत. विमान अलगद टेके, शिकणाऱ्याला वाटे आपणच उतरवले. त्याचा चेहरा फुले. फुलू दे, तेवढाच धीर येतो, असे मास्तर मनाशी म्हणत.

घरीही तीच खोड. बायकोने गॅसवरून पातेले उचलले की यांची बोटे खाली हजर. "अहो, भाजून घ्याल! इतकी वर्षं काय तुमच्या बोटांवर संसार केला मी?" ती म्हणे. मास्तर ओशाळून हसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शाळेत एक मुलगी होती. अंगाने बारीक, म्हणून विमाने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तिला टाचणी नाव ठेवले होते. घरच्यांशी भांडून आली होती बिचारी. आठवड्याभरात ती पहिल्यांदा एकटी उडणार होती.

त्या सकाळी उतरताना विमान धावपट्टीवर आपटले आणि माणूसभर उंच उसळले. मास्तरांची बोटे सवयीने दांडीखाली गेली. दांडी हलल्याचे टाचणीला जाणवले. मास्तरांनी घेतली असे समजून तिने हात सोडले. मास्तरांना वाटले, तिने धरली आहे. दोन क्षण ते विमान कोणाच्याच हातात नव्हते. मग नाक खाली गेले, पुढचे चाक मोडले, पंखा जमिनीत रुतला. मास्तरांना खरचटले. टाचणीचा गुडघा फुटला.

शाळेच्या मोठ्या साहेबांनी कागद पुढे केला. "हात मीच सोडले, असं पोरीने लिहून दिलंय. तुम्ही खाली सही करा. तिचं नाव कमी करू, विषय संपला."

"उद्या करतो," म्हणून मास्तर घरी आले. जेवले नाहीत. सकाळी देवापुढे उभे राहिले, पण हात जोडवेनात. बायकोने विचारले तेव्हा सगळे सांगितले. ती म्हणाली, "देवाला तर ठाऊकच आहे. राहिले साहेब. त्यांनाही सांगून या."

मास्तरांनी खरे लिहून दिले. बोटांचे, न बोलण्याचे, सगळे. टाचणीचे नाव राहिले. मास्तरांचे उडणे मात्र कायमचे बंद झाले. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, चाक मी बदललं असतं हो. तुम्ही तर स्वतःलाच मोडीत काढलंत."

तरी मास्तर हलक्या मनाने दवाखान्यात गेले. टाचणीचा पाय वर बांधलेला होता.

"चूक माझी होती, पोरी. तसं लिहून दिलंय मी. बरी झालीस की पुन्हा शिकायला जायचं."

तिने सगळे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "मास्तर, आधीपण लावायचात बोटं?"

"कधीमधी."

"मागच्या मंगळवारी? वारा होता तेव्हा? तुम्ही शाबास म्हणालात."

मास्तर खिडकीकडे पाहू लागले.

"मग मी एकटीने कधी उतरवलंय का हो?"

खोटे बोलणे आता त्यांना जमेना. आणि खरे काय ते त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. "नाही सांगता येत," ते म्हणाले.

गुडघा तीन महिन्यांत सांधला. टाचणी शाळेत एकदाच आली, आपली वही घ्यायला. विमानाकडे तिने पाहिलेही नाही.

त्या दिवशी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. बायकोने पातेले उचलले. "आज जड आहे हो, धरा जरा." मास्तरांनी हात पाठीमागे घट्ट बांधले होते. ते सुटले नाहीत. पातेले तिने एकटीनेच खाली ठेवले, थोडे सांडले. ते पुसताना तिने वर पाहिले नाही.