वीटवाल्याचा नवा गुडघा

आमच्या वीटवाल्याचा हात आधी बोलायचा, तोंड मागाहून. भट्टीवर कुणी कच्ची वीट पक्की म्हणून खपवली, की तीच वीट तो त्याच्या पाठीवर फोडून दाखवायचा. "बघ, कच्चीच होती. पक्की असती तर तू फुटला असतास!" एका ट्रकवाल्याचे दात त्याने पाडले, आणि स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत वर दम, "तोंड मीट, वारं लागेल." माणूस प्रेमळ होता. त्याच्या प्रेमाच्या टप्प्यात येऊ नये, इतकंच.

बायको गेल्यावर एकुलत्या एका लेकीला मात्र त्याने कधी बोट लावलं नाही. ते काम जावयाने केलं. जावई लॉन्ड्रीवाला. कपड्यांची घडी मोडू द्यायचा नाही आणि बायकोला घडीभर सुखाने बसू द्यायचा नाही. एकदा कॉलर पिवळी राहिली म्हणून त्याने गरम इस्त्री तिच्या दंडावर टेकवली.

कळताच वीटवाला धावला. दुकानाच्या वरच त्यांचं घर. अर्ध्या जिन्यात त्याच्या झिजलेल्या उजव्या गुडघ्याने मान टाकली. जावयाने वरून छातीत लाथ घातली आणि सासरा गडगडत तळाशी. कपाळ फुटलं, बरगडी मोडली. वरून आवाज आला, "सासरेबुवा, पुढच्या वेळी पाय घेऊन या!"

त्या दिवसापासून जावई लेकीला कुलपात कोंडून दुकानात बसू लागला. पोलिसांनी वीटवाल्याला 'घरचा मामला' म्हणून वाटेला लावलं. मग तो पाय आणायला इस्पितळात गेला.

तिथे एक फोनताई होती. गुडघा सुधारला की नाही हे डॉक्टरने नव्हे, ज्याचा गुडघा त्याने सांगायचं, असा त्या इस्पितळाचा नियम. ऑपरेशनआधी आणि नंतर ताई फोनवरून ठरलेले प्रश्न विचारायची आणि उत्तरांचा अहवाल करायची.

"काका, नव्या गुडघ्याने काय करता यावं असं वाटतं?"

"तुडवायचंय."

ताई हरखली. बाकीच्यांचं आपलं जिना, बाजार आणि नातवंडं. विटांचा चिखल पायांनी तुडवतात, हे तिला माहीत होतं. तिने लिहिलं, 'चिखल तुडवणे'.

"सुरुवातीला थोडं थोडंच हं, काका."

"थोडं थोडं कसं? निसटेल ना तो!"

"हो, ओला असला की निसटतोच."

"मी कोरडा करूनच सोडणार, ताई."

ऑपरेशन झालं. व्यायाम घेणारा पाय वाकवायचा तेव्हा भलेभले रडायचे. हा दात खाऊन हसायचा. "दुखतंय?" "दुखू दे. त्याला जास्त दुखणार आहे."

ताईचा पुढचा फोन आला तेव्हा वीटवाला एका हातात पहार घेऊन लॉन्ड्रीचा जिना चढत होता.

"काका, जिना चढता येतो?"

"चढतोच आहे."

"आधार लागतो?"

"लागतो की. आणलाय सोबत." त्याने चालू फोन खिशात टाकला आणि पहारेने कुलूप उडवलं.

आवाजाने जावई गरम इस्त्री घेऊन वर धावला. नव्या पायाची पहिली लाथ त्याच्या पोटात बसली, दुसरी जबड्यावर. दात फरशीवर सांडले. पडता पडता त्याने इस्त्री सासऱ्याच्या डाव्या, जन्मजात गुडघ्यावर हाणली. काडकन आवाज झाला. कातडी चरचरली. वीटवाला कोसळला तो थेट जावयाच्या छातीवर, आणि त्याने दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला. जावयाचे डोळे पांढरे झाले.

"बाबा, मरेल तो! तुम्ही तुरुंगात गेलात तर मी कुणाकडे जाऊ?" लेक हात ओढत होती. हात सुटेनात.

खिशातून ताईला चिखल नेमका कोणता ते एव्हाना कळलं होतं. तिने दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्सला इस्पितळाच्या अर्जात नातलग म्हणून लिहिलेला लेकीचा पत्ता दिला आणि सुचलं तेच केलं. ओरडून पुढचा प्रश्न विचारला.

"काका! आंघोळ करताना त्रास होतो का?"

वीटवाला थबकला. या ताईसारखं अदबीने त्याला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. उत्तर देणं भाग होतं.

"नाही, ताई." बोटं सैल झाली. जावयाने श्वास घेतला.

"खुर्चीतून उठताना?"

"अजिबात नाही." पुन्हा पकड.

"आणि... आणि बाजारहाट?"

"लेकच करायची आधी." हे म्हणताना त्याने लेकीच्या दंडावरचा डाग पाहिला, आणि जावयाच्या नाकाचं हाड गेलं. पण गळा सुटला होता. ताईने रात्रीची झोप विचारली, मोजे घालणं विचारलं, प्रश्न संपले तशी स्वतःच्या मनाने चहा, पेपर, दाढी विचारली. वीटवाला एकेक खरं उत्तर देत गेला आणि अधूनमधून एकेक ठोसा.

ॲम्ब्युलन्सची माणसं वर आली. एकावर एक दोन माणसं, दोघंही रक्तबंबाळ.

"आधी कोणाला घ्यायचं?"

"वरच्याला," लेक म्हणाली. "खालचा पळत नाही आता." आणि चपला घालण्यापुरतीही न थांबता, त्या हातात घेऊन ती बापाच्या स्ट्रेचरपुढे जिना उतरू लागली.