आखाजीला तपासलेली लाईन

आमच्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावाने मुराळी होऊन बहिणीला माहेरी आणायचं असतं. दिवाळीला नाही आणलं तर एखादी बहीण मनावर घेणार नाही, पण आखाजी चुकवलेली ती जन्मभर बोलून दाखवते. दोन वर्षांपूर्वी मी ती चुकवली.

मी जळगावच्या एका खाजगी इस्पितळात संगणक आणि नेटवर्कचं काम बघतो. आमची एक लहान शाखा शिरपूरला आहे. तिथे मेंदूचे डॉक्टर नाहीत, म्हणून इथले मोठे डॉक्टर पडद्यावरून तिथले पेशंट तपासतात. त्यासाठी साध्या इंटरनेटवरूनच दोन इस्पितळांमध्ये व्हीपीएनचा बंद बोगदा मी बांधला होता. बोलणं आणि चित्र त्यातून लहान लहान पॅकेट होऊन जातात, आणि वाटेत काही हरवतात. हरवलेलं पुन्हा मागवावं, तर ते येईपर्यंत माणूस पुढचं वाक्य बोलून मोकळा झालेला असतो. म्हणून मी दर पाच पॅकेटांमागे त्यांच्यावरूनच तयार केलेलं एक जास्तीचं पाठवत होतो. पाचातलं एखादं गळालं, तरी उरलेल्यांवरून ते पलीकडे पुन्हा उभं राहायचं. माझी आई पाहुणे मोजून झाल्यावर खापरावर दोन मांडे वरचे टाकायची, तशातलाच हा प्रकार.

पण या जास्तीच्या पॅकेटांनी लाईन अडायची. एक्स-रे हळू येतात म्हणून रोज बोंब. मलाही वाटू लागलं, हे नाकापेक्षा मोती जड झालंय. एकदा नीट तपासून बघायचं ठरवलं, आणि त्यासाठी दिवस निवडला आखाजीचा. का, तर सुट्टी, बाहेरचे पेशंट नाहीत, निवांत काम होईल! आदल्या दिवशी माझ्या बहिणीला, शिरपूरजवळच्या गावी सासरी असलेल्या आक्काला फोन केला. "आक्का, यंदा नाही जमत गं. काम आहे." ती एवढंच म्हणाली, "बरं."

आखाजीला दिवसभर लाईन बघत बसलो. एक पॅकेट हरवेल तर शपथ. हरवणार कसं? अख्खा खान्देश आखाजीच्या झोक्यावर होता, आमरस-मांडे खाऊन लवंडला होता. रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून रस्ता चांगला म्हणणारा मी शहाणा! संध्याकाळी ती जास्तीची पॅकेटं बंद करून टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

आठवड्याभराने, ऐन दुपारी, दाजींनी आक्काला शिरपूरच्या शाखेत आणलं. तोंड वाकडं झालेलं, डावी बाजू ढिली. मला फोन आला तेव्हा इथले डॉक्टर पडद्यासमोर बसलेही होते. मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. आक्का पलंगावर होती, केस सुटलेले. तिला तसं मी कधीच बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही हात समोर धरायला सांगितले. तिने धरले. हात तसेच राहिले. आवाज तुटत होता, तिथला तरुण डॉक्टर काहीतरी सांगत होता, अर्धं कळत होतं. डॉक्टर म्हणाले, "हात टिकलाय, म्हणजे झटका सौम्य दिसतोय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जोखमीचं असतं. थोडं थांबून बघू." मी मनात देवाला हात जोडले.

ते वॉर्डात गेले. मी सवयीने लाईनची नोंद उघडली. बरोबर त्याच मिनिटाला जवळजवळ दर पाचातलं एक पॅकेट गळालं होतं. हात टिकला नव्हता, चित्र थांबलं होतं. नंतर कळलं, पलीकडचा डॉक्टर "पडतोय, पडतोय" म्हणत होता, आणि आपल्या मोठ्या सरांनी ते बघितलंच असेल असं धरून बसला होता. मी जास्तीची पॅकेटं चालू केली आणि वॉर्डाकडे धावत सुटलो. डॉक्टर परत पडद्यासमोर आले. या वेळी चित्र स्वच्छ होतं. आक्काचा डावा हात वर गेला आणि हळूहळू चादरीवर पडला.

इंजेक्शन दिलं. मधे अर्धा तास गेला होता. आक्का वाचली, बोलू लागली, चालू लागली. डावा हात मात्र परत आला नाही. तो अर्धा तास वाचला असता तर किती फरक पडला असता, असं मी डॉक्टरांना विचारलं. "ते कुणीच सांगू शकत नाही," ते म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

गेल्या आखाजीला मात्र मी सकाळीच तिच्या दारात हजर झालो. तिला माहेरी आणलं. दुपारी ती म्हणाली, झोक्यावर बसायचंय. उजव्या हाताने तिने एक दोरी धरली, डावीकडची मी एका हाताने धरली, दुसरा तिच्या पाठीशी ठेवला आणि तिच्याबरोबर दोन पावलं पुढे, दोन मागे करत राहिलो. वर्षभर दडवलेलं तिथेच बोलून टाकलं. लाईन, पॅकेटं, मी काय बंद केलं होतं, अर्धा तास कसा गेला, सगळं. डोळे भरून आले होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

आक्काने पाय टेकवून झोका थांबवला.

"लाईन-बिईन माले काय समजत नही, भाऊ," ती म्हणाली. "त्या सालले तू माले माहेरी लेवाले उना नही, तेवढंच माले समजनं. मी पिशवी भरी ठेयेल व्हती."